उष्णतेचे अर्थशास्त्र : नव्या ग्राफिक्स कार्डाची प्रतीक्षा

संगणकाच्या जगात दर दोन-सव्वादोन वर्षांनी एक प्रतीक्षापर्व येते. सर्वांत वरच्या श्रेणीचे नवे ग्राफिक्स कार्ड बाजारात यावयाचे असते. कंपनीने अद्याप अवाक्षरही काढलेले नसते. तरीही त्याला पंखे किती असतील, ते वीज किती खाईल, कॅबिनेटमध्ये मावेल की नाही आणि त्यासाठी किती पैसे मोजावे लागतील, यांविषयीच्या वावड्यांना ऊत आलेला असतो. एनव्हिडिया या अमेरिकन कंपनीच्या अशा कार्डांच्या आगमनाचा क्रम सप्टेंबर २०१८, सप्टेंबर २०२०, ऑक्टोबर २०२२ आणि जानेवारी २०२५ असा आहे. हाच क्रम पुढे चालला, तर त्यानंतरची पिढी २०२७ च्या सुमारास यावयास हवी. म्हणजेच प्रतीक्षेचे दिवस पुन्हा आले आहेत.

ही केवळ संगणकावर खेळ खेळणाऱ्या तरुणांची हौस आहे असे समजून या विषयाकडे दुर्लक्ष करण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत. पडद्यावरील चित्र क्षणार्धात रेखाटण्यासाठी निर्माण झालेले हे यंत्र आज चलच्चित्रे बनविणाऱ्या कलावंताचे, इमारतीचे संकल्पचित्र तयार करणाऱ्या वास्तुविशारदाचे, चित्रपटाचे संकलन करणाऱ्या तंत्रज्ञाचे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचे धडे गिरविणाऱ्या विद्यार्थ्याचे उत्पादनसाधन झाले आहे. मुंबईतील चित्रपटव्यवसायाचे उत्तरसंस्करणाचे काम याच यंत्रांवर चालते. एनव्हिडियाचे एक अभियांत्रिकी केंद्र पुण्यातच आहे. एखाद्या लहान शहरातील होतकरू कलावंत या कार्डासाठी वर्षभराची बचत बाजूला ठेवतो किंवा कर्ज काढतो, तेव्हा तो चैन करीत नसून भांडवली गुंतवणूक करीत असतो. तेव्हा या गुंतवणुकीचा हिशेब अर्थशास्त्राच्या कसोटीवर घासून पाहणे अगत्याचे ठरते.

प्रतीक्षा करणारा ग्राहक तीन प्रश्न विचारतो. हे कार्ड थंड कसे राहील? त्याची बांधणी कशी असेल? आणि त्याची किंमत काय असेल? हे प्रश्न सामान्यतः तीन वेगवेगळे प्रश्न म्हणून चर्चिले जातात. वस्तुतः त्यांचे मूळ एकच आहे, आणि ते म्हणजे ही चिप किती वीज पिते.

तीन प्रश्नांचे एक मूळ

एनव्हिडियाने १९९९ मध्ये जीफोर्स २५६ हे कार्ड काढले, तेव्हा त्यातील चिपवर सुमारे दोन कोटी ट्रान्झिस्टर होते आणि ती थंड ठेवण्यास एक चिमुकला पंखा पुरत असे. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या जीफोर्स आरटीएक्स ५०९० या कार्डाच्या चिपवर सुमारे ९,२०० कोटी ट्रान्झिस्टर आहेत. ही वाढ थक्क करणारी आहे यात शंका नाही. परंतु तिच्यासोबत विजेची भूकही वाढली, आणि हीच गोष्ट समजून घेण्यासारखी आहे.

आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये एक नियम मांडला होता. ट्रान्झिस्टर आकाराने लहान केला की त्याला लागणारा विद्युत्दाब आणि प्रवाहही त्याच प्रमाणात घटतो. म्हणून तेवढ्याच जागेत अधिक ट्रान्झिस्टर बसविले तरी त्या जागेतील उष्णता वाढत नाही, असा त्याचा आशय होता. सुमारे तीस वर्षे चिपउद्योग या नियमाच्या कृपेवर जगला. २००५-०६ च्या सुमारास ही कृपा संपली. ट्रान्झिस्टर लहान होत राहिले, पण विद्युत्दाब त्या प्रमाणात उतरेना. तेव्हापासून अधिक काम हवे असेल तर अधिक वीज मोजणे क्रमप्राप्त झाले.

त्याचे प्रतिबिंब वरच्या श्रेणीच्या कार्डांत स्वच्छ दिसते. मार्च २०१७ मधील जीटीएक्स १०८० टीआय हे कार्ड २५० वॅटचे होते. २०२० मधील आरटीएक्स ३०९० हे ३५० वॅटचे, २०२२ मधील ४०९० हे ४५० वॅटचे आणि २०२५ मधील ५०९० हे ५७५ वॅटचे आहे. घरातील छताचा साधा पंखा पंचाहत्तर वॅटचा धरला, तर एका कार्डात सात-आठ पंख्यांची वीज खर्ची पडते. ही सगळी वीज अखेर उष्णतेतच रूपांतरित होते. ती उष्णता वाहून नेण्यासाठी तांबे लागते, ॲल्युमिनियमची पाती लागतात, पंखे लागतात. त्यांमुळे कार्डाचा आकार व वजन वाढते. आणि या सर्वांचा खर्च किमतीत उतरतो. म्हणून वॅटचा आकडा कळला की थंडावा, बांधणी व किंमत या तिन्ही प्रश्नांची निम्मी उत्तरे हाती येतात.

दोन पिढ्यांचा हिशेब

प्रगती म्हणजे काय, याची अर्थशास्त्रातील व्याख्या साधी आहे. तेवढ्याच साधनांत अधिक उत्पादन झाले तर ती तांत्रिक प्रगती होय. साधने वाढवून उत्पादन वाढविले तर तो केवळ विस्तार होय. ही कसोटी गेल्या दोन पिढ्यांना लावली, तर अतिशय बोलका निष्कर्ष निघतो.

३०९० कडून ४०९० कडे जाताना जाहीर किंमत १,४९९ डॉलरवरून १,५९९ डॉलर झाली, म्हणजे जेमतेम सात टक्क्यांनी वाढली. वीज सुमारे २९ टक्क्यांनी वाढली. परंतु उच्च विभेदनाच्या चित्रांवरील कामाचा वेग मात्र सुमारे दीडपट ते पावणेदोनपट झाला. ही खरी प्रगती होती. तिचे श्रेय निर्मितिप्रक्रियेतील बदलाला होते. सॅमसंगच्या आठ नॅनोमीटर प्रक्रियेवरून एनव्हिडिया तैवानमधील टीएसएमसीच्या कितीतरी अधिक सूक्ष्म प्रक्रियेवर गेली होती.

४०९० कडून ५०९० कडे जाताना काय झाले? निर्मितिप्रक्रिया त्याच घराण्यातील राहिली. चिपचे क्षेत्रफळ सुमारे ६०८ चौरस मिलिमीटरवरून ७५० चौरस मिलिमीटरपर्यंत वाढविण्यात आले. गणन करणाऱ्या घटकांची संख्या १६,३८४ वरून २१,७६० झाली, म्हणजे सुमारे एक तृतीयांशाने वाढली. वीज सुमारे २८ टक्क्यांनी व जाहीर किंमत २५ टक्क्यांनी वाढली. आणि वेग? बहुतेक स्वतंत्र चाचण्यांत तो पाव ते एक तृतीयांश एवढाच वाढलेला आढळला. वीज, किंमत व काम यांचे प्रमाण जवळजवळ जसेच्या तसे राहिले. ग्राहकाने पाव रक्कम जास्त दिली, पाव वीज जास्त जाळली आणि पाव काम जास्त मिळविले. स्मृतीची क्षमता २४ गिगाबाइटवरून ३२ वर गेली व तिचा वेगही वाढला, हा लाभ नाकारता येणार नाही. तथापि एकूण व्यवहार प्रगतीचा नसून विस्ताराचा होता, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

या ठिकाणी एक सावधगिरी आवश्यक आहे. घोषणेच्या दिवशी जे आकडे सांगितले जातात ते निराळेच चित्र उभे करतात. ६ जानेवारी २०२५ रोजी लास व्हेगास येथे एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी ५४९ डॉलरचे आरटीएक्स ५०७० हे १,५९९ डॉलरच्या ४०९० ची बरोबरी करील, असे जाहीर केले. हा दावा प्रत्यक्ष रेखाटलेल्या एका चित्रामागे कृत्रिम बुद्धिमत्तेने आणखी तीन चित्रे कल्पून घालण्याच्या युक्तीवर आधारलेला होता. खेळताना ही युक्ती डोळ्यांना सुखावते हे खरे. परंतु ज्याला चलच्चित्राचे अंतिम रेखाटन करावयाचे आहे त्याला कल्पून घातलेली चित्रे उपयोगाची नाहीत. मोजण्याची काठीच लांब केली म्हणून कापड वाढत नसते.

खोलीतील उष्णता

थंडाव्याच्या बाबतीत अभियंत्यांनी दाखविलेले कौशल्य मात्र मान्य केलेच पाहिजे. २००३ मधील एफएक्स ५८०० अल्ट्रा या कार्डाचा पंखा इतका गोंगाट करी की कंपनीने स्वतःच त्यावर विनोदी चित्रफीत काढली होती. त्या मानाने आजची व्यवस्था किती तरी पुढे गेली आहे. चिपला चिकटून तांब्याचा एक चपटा, बंद बाष्पकक्ष असतो. त्यातील थोडेसे पाणी चिपच्या उष्णतेने वाफ होऊन पसरते, थंड बाजूस पुन्हा द्रवरूप होते आणि आतील सच्छिद्र अस्तरातून परत येते. तेथून उष्णता नळ्यांवाटे पातळ पात्यांत जाते व पंख्यांची हवा ती बाहेर टाकते.

५०९० येण्यापूर्वी एवढ्या विजेसाठी चार खाचांची जागा अडविणारे धूड लागेल, अशी भाकिते केली जात होती. एनव्हिडियाने स्वतःच्या बांधणीचे कार्ड मात्र दोनच खाचांचे काढले. विद्युत्मंडलाची मुख्य पाटी लहान करून ती मधोमध बसविली आणि दोन्ही बाजूंच्या पंख्यांची हवा पात्यांमधून आरपार जाईल अशी रचना केली. चिप व बाष्पकक्ष यांच्यामध्ये नेहमीच्या लेपाऐवजी द्रवरूप धातू वापरला. हे यश उल्लेखनीय आहे. परंतु त्यातून एक गैरसमज पसरला, तो म्हणजे उष्णतेचा प्रश्न सुटला. प्रश्न सुटला नाही. तो कार्डातून निघून खोलीत आला, एवढेच. या कार्डाची आरपार जाणारी ऊन हवा प्रथम कॅबिनेटमध्येच पडते आणि मग खोलीत येते.

असे कार्ड पूर्ण भारावर चालत असताना सबंध संगणक सुमारे आठशे वॅट वीज घेतो. घरातील एखादी हलकी इस्त्री तासन् तास चालू ठेवावी तसा हा प्रकार आहे. एक टनी वातानुकूलन यंत्र सुमारे साडेतीन हजार वॅट उष्णता बाहेर काढते; त्याच्या पाचव्या हिश्शाहून अधिक शक्ती केवळ या संगणकाची उष्णता उपसण्यात खर्च होते. शिवाय कोणतेही शीतक चिपचे तपमान खोलीतील तपमानाच्या तुलनेतच उतरवू शकते. परदेशी चाचण्या वीस-बावीस अंशांच्या खोलीत होतात. नागपूर, अकोला वा चंद्रपूर येथे मे महिन्यात बाहेर ४५ अंश व घरात चाळिशीच्या आसपास तपमान असते. तेथे तेच कार्ड त्याच भारावर अठरा-वीस अंश अधिक तापेल, पंखे अधिक ओरडतील आणि एका मर्यादेनंतर चिप स्वसंरक्षणासाठी आपला वेग उतरवील. जो वेग विकत घेतला तोच उन्हाळ्यात हाती लागू नये, असा हा व्यवहार आहे. त्यात धुळीची भर पडते ती वेगळीच.

विजेच्या बिलाचाही विचार करावा. आठशे वॅटने रोज पाच तास काम केले, तर चार युनिटे होतात. महिन्यातील पंचवीस दिवसांची शंभर युनिटे. महावितरणच्या घरगुती दरपत्रकातील सर्वांत स्वस्त असा पहिला टप्पा शंभर युनिटांचाच आहे. म्हणजे घरातील इतर सर्व वापर वरच्या, महाग टप्प्यात ढकलला जातो. परदेशी परीक्षणांत हा खर्च क्वचितच धरला जातो. मराठी मध्यमवर्गीय घरात तो धरावाच लागतो.

बांधणीचा भार

उष्णतेतून बांधणीचा प्रश्न उपस्थित होतो. ४०९० चे एनव्हिडियाचे स्वतःचे कार्ड तीन खाचांचे व दोन किलोंहून अधिक वजनाचे होते. इतर उत्पादकांची कार्डे त्याहून मोठी व जड असतात. मदरबोर्डवरील खाच मात्र पूर्वीचीच आहे; हलक्या पाट्या धरण्यासाठी तिची योजना झाली होती. एवढे वजन तिच्यात आडवे टांगले की कार्ड वाकते, आणि खाचेजवळ विद्युत्मंडलाची पाटी तडकल्याची उदाहरणे दुरुस्ती करणाऱ्यांनी दाखविली आहेत. म्हणून आता कार्डासोबत टेकूही दिला जातो. लाख-दोन लाखांच्या वस्तूला टेकू लावावा लागतो, यातच तिच्या रचनेतील ताण उघड होतो.

त्याहून गंभीर प्रश्न विजेच्या जोडणीचा आहे. पूर्वीची आठ पिनांची जोडणी १५० वॅटसाठी होती आणि तिच्यात सुरक्षिततेला भरपूर वाव ठेवलेला होता. नवी सोळा पिनांची जोडणी आकाराने लहान असून तिच्यातून ६०० वॅटपर्यंत शक्ती नेली जाते. बारा व्होल्टच्या दाबाने ५७५ वॅट न्यावयाचे, तर सुमारे ४८ अँपिअरचा प्रवाह लागतो. तो सहा पिनांत सारखा वाटला गेला तर प्रत्येकीच्या वाट्यास आठ अँपिअर येतात, आणि एका पिनेची मर्यादा जेमतेम साडेनऊ अँपिअरच्या आसपास आहे. वाटणी विषम झाली की मर्यादा ओलांडली जाते. ऑक्टोबर २०२२ मध्ये ४०९० बाजारात येताच या जोडण्या वितळल्याच्या तक्रारी आल्या. नोव्हेंबरमध्ये कंपनीने जगभरातून सुमारे पन्नास तक्रारी आल्याचे सांगून, जोडणी पूर्ण न बसविणे हे त्यांचे सर्वसाधारण कारण असल्याचे म्हटले. पुढे जोडणीत सुधारणा झाली. तरीही फेब्रुवारी २०२५ मध्ये ५०९० बाबत तशाच घटना पुढे आल्या. तक्रारींचे प्रमाण अल्प आहे हे मान्य करूनही असे म्हटले पाहिजे की, सामान्य माणसाच्या हातची किंचितशी चूक सहन न करणारी रचना ही घरगुती वापराच्या वस्तूस शोभणारी नव्हे.

पहिल्या खेपेच्या ग्राहकाला आणखी एक जोखीम पत्करावी लागते. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या एएमडीच्या आरएक्स ७९०० एक्सटीएक्स या कार्डाच्या काही नगांत बाष्पकक्षातील पाणी अपुरे भरले गेले होते. ती कार्डे ११० अंशांपर्यंत तापत, आणि जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने दोष मान्य करून ती बदलून देण्याचे कबूल केले. ५०९० च्या काही नगांत रेखाटनाचे काही घटक कमी भरल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये एनव्हिडियानेही मान्य केले. बदलून मिळणे ही गोष्ट अमेरिकेत एक आठवड्याची असेल. आपल्याकडे तालुक्याच्या गावातून कार्ड पाठवून ते परत येईपर्यंत कलावंताचे काम खोळंबून राहते.

जाहीर किंमत आणि खरी किंमत

आता किमतीकडे वळावयास हरकत नाही. २०१७ मधील १०८० टीआय ची किंमत ६९९ डॉलर होती, २०२५ मधील ५०९० ची १,९९९ डॉलर आहे. त्या काळात अमेरिकेतील सर्वसाधारण किमती सुमारे तीस टक्क्यांनी वाढल्या. या श्रेणीची किंमत मात्र जवळजवळ तिप्पट झाली. २०१७ मध्येही टायटन नावाचे १,२०० डॉलरचे कार्ड विकले जात असे, हे ध्यानात घेतले तरी वाढ मोठीच आहे. चिपचे वाढते क्षेत्रफळ, महाग होत गेलेली निर्मितिप्रक्रिया आणि शीतकाचा खर्च ही तिची काही कारणे होत. पण मुख्य कारण कार्डाच्या आत नसून बाहेर आहे.

अर्थशास्त्रात ज्याला वैकल्पिक परिव्यय म्हणतात, तो येथे निर्णायक ठरतो. एखाद्या वस्तूची खरी किंमत म्हणजे तिच्याऐवजी जे दुसरे करता आले असते त्याचा केलेला त्याग. ५०९० मध्ये जी चिप आहे, तीच काही अधिक घटक चालू ठेवून व ९६ गिगाबाइट स्मृती जोडून व्यावसायिक वापराचे कार्ड म्हणून आठ हजार डॉलरच्या आसपास विकली जाते. टीएसएमसीच्या त्याच घराण्यातील प्रक्रियेवर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांसाठी लागणाऱ्या, याहून कितीतरी महाग चिपा तयार होतात. अशा स्थितीत घरगुती ग्राहकाला दिलेली प्रत्येक चिप ही उत्पादकाच्या दृष्टीने सोडलेला नफा ठरते. कंपनीचे ताळेबंद हेच सांगतात. जानेवारी २०२२ अखेरच्या वर्षात एनव्हिडियाच्या सुमारे २,६९० कोटी डॉलर विक्रीत खेळांसाठीच्या कार्डांचा वाटा सुमारे ४६ टक्के होता. जानेवारी २०२५ अखेरच्या वर्षात एकूण विक्री १३,०५० कोटी डॉलरवर गेली आणि तो वाटा नऊ टक्क्यांच्या आत आला. जो ग्राहक एके काळी घरचा धनी होता, तो आता दारचा पाहुणा झाला आहे.

स्मृतीचेही तेच झाले. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांच्या मागणीमुळे स्मृतिचिपांचे भाव भडकले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन या मोठ्या अमेरिकन उत्पादकाने किरकोळ ग्राहकांसाठीचा क्रुशल हा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. वरच्या श्रेणीच्या कार्डात स्मृती सर्वाधिक लागते. तेव्हा येणाऱ्या कार्डाच्या किमतीचा अंदाज बांधताना चिपइतकेच लक्ष स्मृतीच्या बाजाराकडे द्यावे लागेल.

यामुळेच जाहीर किंमत व प्रत्यक्ष किंमत यांत फारकत होते. जानेवारी २०२५ मध्ये ५०९० चा जो माल बाजारात आला तो काही मिनिटांत संपला आणि फेरविक्रीत तीन हजार डॉलर व त्याहून अधिक भाव बोलला जाऊ लागला. महाराष्ट्रातील ज्येष्ठ वाचकांस हे दृश्य अपरिचित नाही. बजाज स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसण्याच्या काळात स्कूटरचीही एक कागदावरची किंमत असे आणि एक ‘ऑन’ धरून असलेली किंमत असे. फरक इतकाच की, तेव्हाची टंचाई परवानापद्धतीने निर्माण केली होती, आजची टंचाई उत्पादकाच्या निवडीतून निर्माण झाली आहे. परवान्याविरुद्ध निदान मतपेटीतून दाद मागता येत होती.

भारतातील ग्राहकाला यावर आणखी भर सोसावी लागते. ५०९० ची भारतातील आरंभीची किंमत २ लाख १४ हजार रुपये जाहीर झाली. त्या वेळी डॉलरचा भाव सुमारे ८६ रुपये होता. त्या दराने १,९९९ डॉलरचे सुमारे १ लाख ७२ हजार रुपये होतात आणि अठरा टक्के वस्तू व सेवा कर मिळविला की २ लाख ३ हजार. उरलेले दहा-अकरा हजार वाहतूक, विनिमयाची जोखीम आणि वितरकांचा नफा यांत जातात. म्हणजे कागदावरची भारतीय किंमत अवाजवी नव्हती. परंतु मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील दुकानात चालतो तो कागद नव्हे, पुरवठा. त्याखेरीज एवढ्या शक्तीसाठी एक हजार वॅटचा एसएमपीएस व हवेशीर कॅबिनेट घ्यावे लागते, ते निराळेच.

घ्यावे की थांबावे

यावर असे म्हटले जाईल की, महाग वाटते त्याने घेऊ नये. स्वस्त कार्डे आहेतच, आणि आजचे वरचे तंत्र उद्या खालच्या श्रेणीत उतरते. या युक्तिवादात तथ्य आहे. मार्च २०२५ मध्ये आलेले एएमडीचे आरएक्स ९०७० एक्सटी हे ५९९ डॉलरचे कार्ड बहुसंख्य ग्राहकांची गरज भागवू शकते. मात्र त्या पिढीत एएमडीने सर्वांत वरच्या श्रेणीत उतरण्याचेच टाळले, हेही लक्षात घेतले पाहिजे. शिखरावर स्पर्धक नसला की तेथील किंमत सबंध बाजारावर छत्र धरते; दोन हजार डॉलरच्या सावलीत एक हजार डॉलरचे कार्ड माफक वाटू लागते. सप्टेंबर २०२२ मध्ये ईव्हीजीए ही नामांकित कंपनी ग्राफिक्स कार्डांच्या धंद्यातून बाहेर पडली. आधीच कमी झालेल्या नफ्यात चिपउत्पादकाशीच स्पर्धा करावी लागते, ही तिची व्यथा होती. मधले उत्पादक घटले की ग्राहकापुढील पर्यायही घटतात.

रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये टिकाऊ वस्तूंच्या मक्तेदारीविषयी एक मार्मिक विचार मांडला. किंमत पुढे उतरणार हे ग्राहकाला ठाऊक असेल तर तो थांबतो, आणि त्याच्या थांबण्यामुळे मक्तेदाराची सत्ता क्षीण होते. येथे तसे घडत नाही, कारण उतरता भाव येण्यापूर्वीच माल आटविला जातो. ५०९० येण्याआधीच्या महिन्यांत ४०९० चे भाव कोसळण्याऐवजी चढले. तेव्हा ‘नवे येईल, मग जुने स्वस्तात घेऊ’ हा पूर्वापार शहाणपणाचा सल्ला वरच्या श्रेणीत आता निरुपयोगी ठरला आहे.

मग ग्राहकाने करावे काय? ज्याचे उत्पन्न या कार्डाच्या वेगाशी थेट निगडित आहे, जो नोंदणीकृत व्यावसायिक असल्यामुळे भरलेला कर वजावटीत परत मिळवू शकतो आणि ज्याची खोली व वीजजोडणी हा भार सोसू शकते, त्याने ते अवश्य घ्यावे. पण पहिल्या खेपेत नव्हे. विजेची मर्यादा काही अंशी उतरवून ही कार्डे चालविता येतात, आणि तसे केले असता वेगात होणारी घट विजेतील बचतीच्या मानाने बरीच कमी असते. आपल्या उन्हाळ्यात ही युक्ती कोणत्याही महागड्या शीतकापेक्षा मोलाची आहे. विद्यार्थ्याने मात्र यासाठी कर्ज काढू नये. केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये मंजूर केलेल्या इंडिया एआय मोहिमेत सामायिक गणनशक्ती सवलतीच्या दराने, तासाला सुमारे ६५ रुपये या हिशेबाने देण्याची योजना आहे. महाविद्यालयांनी व विद्यापीठांनी अशा व्यवस्थेशी जोडून घेणे आणि चलच्चित्रकलेच्या विद्यार्थ्यांसाठी सामायिक प्रयोगशाळा उभारणे, हा वैयक्तिक खरेदीहून अधिक शहाणपणाचा मार्ग आहे. दिवसाचे चार तास चालणारे दोन लाखांचे यंत्र घरोघर असण्यापेक्षा बारा तास चालणारी मोजकी यंत्रे एके ठिकाणी असणे, हा सहकाराची परंपरा सांगणाऱ्या महाराष्ट्रास न उमगण्यासारखा विचार नव्हे.

येणाऱ्या कार्डाविषयी वावड्या उठत राहतील. त्यांतील पंख्यांच्या संख्येकडे वा बाह्य आवरणाच्या डौलाकडे लक्ष देण्याचे कारण नाही. चिप कोणत्या निर्मितिप्रक्रियेवर तयार झाली, हे प्रथम पाहावे. ती तीन नॅनोमीटर वर्गाच्या प्रक्रियेवर गेली असेल, तर ३०९० नंतर घडली तशी खऱ्या प्रगतीची आशा बाळगता येईल. नसेल, तर अधिक पैशांत अधिक वीज एवढाच सौदा पदरी पडेल. त्यानंतर वॅटचा आकडा पाहावा, कारण थंडावा, वजन व वीजबिल त्यातूनच ठरतात. घोषणेच्या दिवशी सांगितलेली किंमत सर्वांत शेवटी पाहावी. ती उत्पादकाची इच्छा असते. बाजारात माल किती आला हे कळल्यावाचून तिला किंमत म्हणणे अर्थशास्त्रास धरून होणार नाही.